झाकणारा थर, राखणारा थर



आज तुमच्यापुढे एक घरगुती प्रश्न ठेवतो. स्वयंपाकघरातले जुने फडताळ रंगवायचे असेल, तर जुन्या रंगावरच नवा हात मारावा, की आधीचा रंग खरवडून लाकूड मोकळे करावे? तुम्ही म्हणाल, हा प्रश्न रंगाऱ्याला विचारा, परमार्थाच्या मासिकात कशाला? मलाही आधी तसेच वाटले होते. पण गेल्या फाल्गुनात या प्रश्नाने माझी आठ-दहा दिवसांची झोप घालवली. शेवटी मला जे उमगले, ते रंगापेक्षा वेगळेच होते. म्हणून लिहितो.

आमचे गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाला, बेल्ह्याच्या बाजूला आहे. आळ्याची रेड्याची समाधी आम्हाला फार लांब नाही. घर जुने, दगडमातीचे. भिंती हातभर रुंद. स्वयंपाकघराच्या भिंतीत सागवानी फडताळ बसवलेले आहे. आताच्या मुलांना फडताळ म्हणजे काय ते सांगावे लागते. भिंतीतच कोनाडा ठेवायचा, त्याला लाकडी फळ्या घालून तीन-चार खण करायचे आणि पुढे दोन दारे लावायची. आईच्या वेळी वरच्या खणात गूळ, चहा, साखर. मधल्या खणात पिठाचे आणि डाळीचे डबे. खाली लोणच्याच्या बरण्या आणि तेलाची बुधली. घरातली सगळी अन्नपूर्णा त्या दोन दारांआड असे.

यंदा गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात एका दिवसाची पंगत आमच्या घराकडे आली. पंगत मंडपातच असते, पण कीर्तनकार महाराज, विणेकरी, पखवाजवाले घरी फराळाला येणार. सौभाग्यवती म्हणाली, "स्वयंपाकघराचं सगळं आवरलंय, पण त्या फडताळाकडे बघवत नाही. तेवढा रंग मारून घ्या."

खरे तर त्याला मी सहा-सात वर्षांपूर्वी स्वतःच रंग दिला होता. मी प्राथमिक शाळेतला निवृत्त शिक्षक. हाताला थोडी कला आहे असा माझा समज. बाजारातून कॉफी रंगाचा ऑइल पेंट आणला आणि एका सुट्टीत दोन हात मारून मोकळा झालो. फडताळ असे चमकले की शेजारी बघायला आले. पण पहिला पावसाळा संपला नाही तोच कडीपाशी रंगाला फोड आले. नखाने उचलला तर पापड निघावा तसा थर निघून यायचा. खाली काय? वर्षानुवर्षांचा फोडणीचा चिकटा आणि धूर. माझा रंग लाकडावर बसलाच नव्हता, तो चिकट्यावर बसला होता. मी दोष दिला रंगाला, दुकानदाराला आणि पावसाला.

या वेळी घोडेगावकडचा एक रंगारी बोलावला. वयाने माझ्याएवढाच, गळ्यात माळ, आषाढीची वारी चुकवत नाही. त्याने फडताळ पाहिले, रंगाचा डबा उघडलाच नाही. आधी बोटाच्या पेराने दारे वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिली. गोरोबाकाकांनी थापटीने मडकी पारखली, ती कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो! मला तेच आठवले. कुठे बद्द आवाज येतो, कुठे खणखणीत, हे तो कान देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "गुरुजी, लाकूड सोन्यासारखं आहे. खालच्या कोपऱ्यात तेवढी वाळवी लागून गेलीय. पण हा वरचा रंग सगळा काढावा लागंल."

मी म्हणालो, "अहो, सप्ताह तोंडावर आलाय. वरूनच एक हात मारा ना."

तो हसला. "मारतो की. दिसंल पण झकास. फक्त पुढच्या वर्षी मला बोलावू नका. चिकट्यावर रंग धरत नाही, माउली."

मग त्याने काम कसे केले ते सांगतो. कुणाला घरी उपयोगी पडेल. आधी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून दारे दोनदा धुतली, तेव्हा काळे पाणी निथळले. वाळल्यावर बारीक पत्र्याने सुटलेला रंग काढला. मग काचकागद, तोही पाण्यात भिजवून, ओला. मी विचारले, "ओला कशाला? कोरडा घासला तर लवकर होईल." तो म्हणाला, "जुन्या रंगात शिसं असतं. धूळ उडाली तर पोरांच्या पोटात जाते." नातवंडांना त्याने आधीच बाहेर काढले होते आणि स्वतःच्या तोंडाला फडके बांधले होते. हे त्याचे म्हणणे खरे आहे. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत 90 भाग अशी मर्यादा घालणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार घातक असते. तेव्हा माउली, जुना रंग काढायचा असेल तर ओला करून काढा, धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि गरोदर लेकी-सुना व मुले यांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

कॉफी रंग गेला, तसा खाली पोपटी रंग दिसला. तो माझ्या लग्नातला. पोपटीखाली फिकट गुलाबी. कुकडीच्या कालव्याचे पाणी शिवारात आले आणि पहिल्यांदा टोमॅटोचे चार पैसे हाती लागले, त्या वर्षीचा. त्याखाली निळा. हा दादाच्या लग्नातला. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. निळ्याखाली मात्र रंग नव्हता, उघडे सागवान होते. एकेक थर म्हणजे घराचे एकेक चांगले वर्ष होते. वाईट वर्षी कोण रंग काढतो?

डाव्या दाराची आतली बाजू घासून झाली, तेव्हा रंगारी थांबला आणि त्याने मला हाक मारली. स्वच्छ झालेल्या लाकडावर निळ्या बारीक रेघा उमटल्या होत्या. घासल्याने वरचा रंग गेला, पण लाकडात खोल कोरलेल्या रेघांत पहिला निळा रंग भरून राहिला होता. विळ्याच्या टोकाने ओढाव्यात तशा उभ्या रेघा, ओळीने मांडलेल्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक खूण: एक घागर, एक नांगर, एक कात्री. बहुतेक उभ्या रेघांवर आडवी रेघ मारलेली. फक्त कात्रीच्या ओळीतल्या शेवटच्या सात रेघा उभ्याच होत्या.

रंगाऱ्याने विचारले, "गुरुजी, काय करू? लांबी भरून सपाट करतो, म्हणजे दिसणार नाही. का ठेवायच्या?"

माउली, माझा खरा प्रश्न इथे सुरू झाला. तोवर मी मनाशी एक सोपा सिद्धांत बांधला होता: वरचे सगळे थर म्हणजे मळ, खालचे लाकूड म्हणजे सत्य, खरवडत जावे. परमार्थातही आपण असेच बोलतो. चित्तावरचा मळ काढा, आत देव आहे. पण हे थर मळ होते का? पोपटी रंग माझ्या आईने कौतुकाने लावून घेतला होता. मग तो खरवडणे म्हणजे तिचे कौतुक खरवडणे झाले नाही का? आणि या रेघा? त्या लाकडाचा भाग, की लाकडावरचा डाग?

हाच प्रश्न फार मोठ्या जागी उभा राहिलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. 2024 साली पंढरीत पांडुरंगाच्या मंदिराचे जतनाचे काम निघाले. मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्शदर्शन बंद होते. मागच्या काळात बसवलेल्या फरश्या आणि दगडावर चढलेले रंगाचे थर काढले, आणि जुना काळा पाषाण, खांबांवरचे कोरीव काम पुन्हा डोळ्यांना दिसू लागले. मेच्या अखेरीस कान्होपात्रेच्या जागेजवळ एक तळघर उघडले, त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. त्याआधी 2022 मध्ये वणीच्या सप्तशृंगीमातेच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदूर काढला. हजार किलोहून अधिक शेंदूर निघाला, आणि मातेचे मूळ रूप लोकांनी नवरात्रात डोळे भरून पाहिले.

त्या वेळी काही भाविकांना वाईट वाटले असेल, आणि त्यात चूक काही नाही. तो रंग, ती फरशी, तो शेंदूर कुणी शत्रूने लावला नव्हता. कुणा भक्ताने नवस फेडला होता, कुणी आईबापाच्या नावाने फरशी बसवली होती. भक्तीने चढवलेला थर काढणे हा त्या भक्तीचा अपमान तर नव्हे?

दुसरी बाजूही पाहा. पांडुरंगाच्या मूर्तीची झीज होऊ नये म्हणून पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली तिच्यावर वेळोवेळी लेप दिला गेला आहे; 2020 सालीही दिला. म्हणजे एका ठिकाणी थर काढणे ही सेवा ठरली आणि दुसऱ्या ठिकाणी थर चढवणे ही सेवा ठरली. मग थर चांगला की वाईट?

मला वाटते, प्रश्न थराचा नाही. थर कशासाठी आहे, हा प्रश्न आहे. काही थर राखण्यासाठी असतात, काही झाकण्यासाठी. दोन्ही रंग एकाच डब्यातून येतात, दोन्ही वरून सारखेच चमकतात. ओळखायचे कसे? रंगाऱ्याच्या एका वाक्यात त्याची खूण आहे. राखणारा थर आधी खालची जागा स्वच्छ मागतो. मूर्तीला लेप द्यायचा तर आधी मूर्ती साफ करावी लागते; लाकडाला अस्तर द्यायचे तर आधी चिकटा धुवावा लागतो. झाकणाऱ्या थराची अशी काही मागणी नसते. तो धुळीवर बसतो, चिकट्यावर बसतो, वाळवीवरही बसतो. म्हणून तो स्वस्त पडतो, आणि म्हणूनच पहिल्या पावसाळ्यात उठून येतो.

आणि भक्तीने चढवलेल्या थराचे काय? त्याला हात जोडून काढावे. मागच्या माणसाला मूर्ख म्हणत काढू नये. त्याला जे सुचले ते त्याने प्रेमाने केले. त्याच प्रेमाची पुढची पायरी म्हणजे त्याने नकळत झाकलेले उघडे करणे. सप्तशृंगीचा शेंदूर काढणारे आणि शेंदूर लावणारे एकाच आईची लेकरे होती.

आता माझ्या दारावरच्या रेघांकडे वळतो. त्या मळ की मोल, हे ठरवायला आधी त्या वाचता आल्या पाहिजेत. मला वाचता येईनात. आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. घरात एकच माणूस उरला होता ज्याला त्या कळल्या असत्या, तो म्हणजे दादा. आणि दादाशी माझे बोलणे नव्हते.

सगळे लपवून लिहिले तर या लेखाला अर्थ नाही, म्हणून सांगतो. वाटणी होऊन अठरा वर्षे झाली. बांधावरून वाद झाला, तो मोजणीपर्यंत गेला. त्याने माझे दीड-दोन हात रान दाबले असे माझे म्हणणे. मी आईचे डाग ठेवून घेतले असे त्याचे म्हणणे. आम्ही दोघेही माळकरी. एकाच दिंडीत चालतो, एकाच मंडपात टाळ धरतो, समोर आलो की एकमेकांच्या पायालाही लागतो. वारकऱ्याची रीतच ती. पाया पडून झाले की मी तिकडे आणि तो इकडे. लोकांना वाटे, भाऊ असावेत तर असे! माउली, तो पायावर ठेवलेला माथासुद्धा झाकणारा थर होता. चिकट्यावर मारलेला. बाहेरून बुक्का, आत मोजणीचा नकाशा.

दोन दिवस मी नुसता फडताळासमोर फेऱ्या मारत होतो. रंगारी म्हणाला, "गुरुजी, लांबी सुकायला वेळ लागतो, ठरवा लवकर." शेवटी संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर मी दादाच्या उंबऱ्याशी गेलो. म्हणालो, "दादा, आईच्या फडताळात काहीतरी सापडलंय. मला वाचता येत नाही. जरा येतोस का?"

तो काही बोलला नाही. चपला घातल्या आणि आला. पाठोपाठ वहिनीही आल्या. दाराची आतली बाजू पाहिली आणि खालीच बसला. सातव्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "आरं, ही आईची उसनवारी."

आईला लिहिता येत नव्हते. कुणाकडून धान्य उसने आणले की त्या घराच्या खुणेपुढे पायलीला एक उभी रेघ. पायली म्हणजे चार शेर. परत केले की तिच्यावर आडवी रेघ. घागर म्हणजे एक घर, नांगर म्हणजे दुसरे, कात्री म्हणजे शिंपीआळीतल्या आजींचे घर. दादाने सांगितले, "बहात्तरचा दुष्काळ. तुला कळत नव्हतं एवढं." मी तेव्हा शाळेत होतो. सुकडी आठवते, मिलोची लाल भाकरी आठवते, आबा आणि दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात ते आठवते. पण घरात दाणा नसे तेव्हा तो कुठून येत होता, हे मी कधी विचारलेच नव्हते. त्या आजींचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, त्याची मनिऑर्डर यायची, म्हणून त्यांच्या कणगीत बाजरी असे. रात्री, कुणी पाहू नये म्हणून मागच्या दाराने आई पदराखाली पायली घेऊन यायची. दादा कधीमधी सोबत असे.

आणि शेवटच्या सात रेघा उभ्याच. दुष्काळ सरला, दोन-तीन वर्षांत दादाचे लग्न ठरले, पाहुणे येणार म्हणून आबांनी फडताळाला पहिल्यांदा रंग काढला. निळा. रेघा त्यात बुडाल्या. आबांनी मुद्दाम झाकले असे मी म्हणणार नाही. लग्नघरची धांदल होती. आईने परत केले आणि रेघ मारायची राहिली, असेही असेल. पण दादा म्हणाला, "नाही. त्याच सुमाराला आजी मुंबईला मुलाकडं गेल्या. आई शेवटपर्यंत म्हणायची, शिंपीआळीचं राहिलंय. मला वाटायचं, म्हातारपणाचं बोलतीय."

माउली, अठरा वर्षे मी मनात एक खाते मांडून बसलो होतो. त्यात माझे येणे लिहिलेले होते: दीड-दोन हात रान. रोज त्या खात्यावर मी नवा रंग देत होतो, म्हणजे ते जुने होऊ नये. आणि ज्या दारातून रोज दोन वेळचे अन्न बाहेर निघत होते, त्याच दाराच्या आत माझे देणे कोरलेले होते, ते मात्र चार थरांखाली गाडलेले. आपल्या मनाची रीत पाहा. येणे उघडे ठेवते आणि देणे रंगवून टाकते.

तुकोबारायांचे चरित्र आपण सगळे जाणतो. सावकारी घरातली होती. वैराग्य आले तेव्हा कर्जखते इंद्रायणीत सोडायला काढली. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, संसार आम्हाला आहे. तेव्हा महाराजांनी कागदांचे दोन भाग केले, निम्मे भावाला दिले आणि आपल्या वाट्याचे निम्मे डोहात सोडले. ही कथा मी शंभर वेळा ऐकली आणि दर वेळी मान डोलावली. या वेळी पहिल्यांदा ती नीट लक्षात आली. महाराजांनी जे बुडवले ते लोकांकडून येणे होते, आणि तेही फक्त स्वतःच्या वाट्याचे. भावाच्या हक्काचे त्यांनी बुडवले नाही. येणे सोडण्याचा अधिकार ज्याचे येणे आहे त्यालाच असतो. देणे सोडण्याचा अधिकार देणेकऱ्याला कधीच नसतो. आम्ही नेमके उलटे करून बसलो होतो.

मग पुढचा प्रश्न उभा राहिला. मी म्हणालो, "दादा, सात पायल्या बाजरी आपण सप्ताहाच्या पंगतीला घालू. आईला तेवढंच पुण्य." मला वाटले, हा चांगला मार्ग आहे. देवाच्या दारी दिले म्हणजे सगळे फिटले. दादा शिकलेला नाही, पण त्याने लगेच मान हलवली. "बाजरी देवाची नव्हती, शिंपीआजीची होती. देवाला देऊन आजीचं कसं फिटंल? हे म्हणजे परत रंगच मारल्यागत झालं."

मी गप्प झालो. दानाचा रंग फार उजळ असतो. एकाचे देणे ठेवून दुसऱ्याला दान करणे, घरात भावाशी अबोला ठेवून गावात अन्नदान करणे, हे आपल्यात किती सहज घडते! मंडपातल्या फलकावर देणगीदारांत नाव लागते, आणि आपल्यालाही वाटते की लाकूड स्वच्छ झाले.

आजींचा नातू मंचरला कपड्यांच्या दुकानात असतो असे वहिनींना माहीत होते. कुणाला काय माहीत असते हे आपण कधी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे भाऊ एका एसटीत बसलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा. नारायणगावपर्यंत कुणी बोलले नाही. पुढे दादा म्हणाला, "तुला खिडकी पाहिजे का?" लहानपणी त्यावरून आमची मारामारी व्हायची. एवढेच बोलणे झाले.

नातू पन्नाशीचा. आम्ही पोते खाली ठेवले आणि सगळे सांगितले. तो हसला, मग त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "आजीनं कधी सांगितलं नाही," म्हणाला. आम्ही म्हणालो, "हिशेबाने ही बाजरी तुमची आहे, घ्या." त्याने पोते उघडले, ओंजळभर बाजरी रुमालात बांधून घेतली आणि म्हणाला, "एवढी देवापुढं ठेवतो. बाकी आता माझी ना? मग माझ्या आजीच्या नावानं तुमच्या सप्ताहाला घाला." माउली, बाजरी शेवटी पंगतीलाच गेली. पण आम्ही परस्पर घातली असती तर ती चोरी होती. त्याने घातली म्हणून ते दान झाले. पोते तेच, पंगत तीच. फरक फक्त मंचरच्या त्या एका फेरीचा.

परत आल्यावर मी रंगाऱ्याची पटाशी घेतली आणि त्या सात रेघांवर आडवी रेघ ओढायला गेलो. दादाने हात धरला. म्हणाला, "नको. दुष्काळात दिलेली पायली आणि सुकाळात फेडलेली पायली एका मापाची नसती." मी पटाशी खाली ठेवली.

फडताळ आता तयार आहे. वाळवीचा कोपरा कापून नवा तुकडा बसवला. बाहेरून अस्तर देऊन दोन हात मारले, रंग आईच्या आवडीचा, पोपटी. तो राखणारा थर आहे. पाण्याने, तेलाने लाकूड खराब होऊ नये म्हणून. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला मात्र रंग नाही. तिथे नुसते अळशीचे तेल मुरवले. साखरेचा डबा काढताना सात उभ्या रेघा रोज समोर येतात.

तुम्हाला वाटेल, आता भावाभावांचे सगळे गोड झाले असेल. तसे नाही. बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. दीड हात रान तिथेच आहे. माझ्या वाट्याचे येणे मी अजून डोहात सोडू शकलेलो नाही. हात पुढे जातो आणि मागे येतो. अठरा वर्षांचा चिकटा एका धुण्यात निघत नाही, हे रंगाऱ्याने सांगितलेच होते. पण आता आम्ही त्याच्यावर रंग मारत नाही. भेटलो की पाया पडण्याआधी दोन शब्द बोलतो, कधी भांडतोही. भांडताना मुलांना बाहेर पाठवतो. जुन्या थराची धूळ त्यांच्या पोटात जाऊ नये, एवढे शहाणपण तरी आले आहे.

माउली, वारी जवळ येईल तशी आपण घरे सारवतो, रंग काढतो, पताका नव्या करतो. तुमच्याही घरात एखादे जुने फडताळ असेल. नव्या घरात फडताळ नसले तरी मनात असतेच. त्याच्या दाराची आतली बाजू कधी तरी पाहा. वरून हात मारण्याआधी बोटाने ठोकून ऐका. कुठे येणे कोरले आहे, कुठे देणे कोरले आहे, ते वाचता येत नसेल तर ज्याच्याशी बोलणे नाही त्यालाच बोलवा. बहुधा ते त्यालाच वाचता येते. येणे सोडता आले तर सोडा. देणे मात्र झाकू नका, आणि ज्याचे आहे त्याच्याच दारी घेऊन जा. मग हवा तो रंग द्या. त्या लाकडावर तो धरेल.

रामकृष्णहरि.